चषक उसना नव्हता

हैदराबादच्या फुटबॉलचा विषय निघाला की इथे दिलसुखनगरात ठरलेलं उत्तर मिळतं. हे क्रिकेटचं शहर. 2022 साली हैदराबाद एफसीनं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली खरी, पण क्लब पुण्याचा, मैदान गोव्याचं, नायकही गोव्याचे. शहराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून तर 2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला. तपशील बहुतेक खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा.

आधी गोव्याचं पाहू. कोविडमुळे त्या मोसमात अकराही संघांचे सगळे सामने गोव्यातच झाले. 20 मार्चला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्स एका गोलनं पुढे होते. 88व्या मिनिटाला, बदली म्हणून उतरलेल्या साहिल ताव्होरानं पेनल्टी क्षेत्राबाहेरून फटका हाणून बरोबरी साधली. मग पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या आणि सामना 3-1 असा खिशात आला. परक्या मैदानावरचा विजय उसना ठरत असेल, तर हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन जिंकलेला रोव्हर्स चषकही उसनाच म्हणावा लागेल. तसं कुणी म्हणत नाही. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्यांच्याच हाताखालच्या भारतीय संघाचं.

त्या संघात आणि हैदराबाद एफसीत खरा फरक आहे तो पगाराचा. पोलीस संघातला खेळाडू खात्यात नोकरीला होता. मोसम वाईट गेला तरी त्याच्या घरची चूल पेटत होती. 2019 मध्ये पुण्याच्या क्लबच्या जागी आलेला हा संघ मालकाच्या भांडवलावर उभा होता. पहिल्याच मोसमात तळाला गेलेला संघ प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी दोन वर्षांत विजेता केला, विजेतेपदाच्या वर्षी आघाडीच्या ओगबेचेनं 18 गोल मारले. पुढे पगार थकले, खेळाडू सोडून गेले आणि 2023-24 मध्ये संघ पुन्हा तळाला. यात प्रेक्षकांचा काय गुन्हा? महिंद्रा युनायटेडनं 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये मालकांनी संघच बंद केला. त्यावरून मुंबईला फुटबॉलचं वावडं आहे असं कुणी ठरवलं नाही.

हैदराबाद एफसीच्या घरच्या सामन्यांना खुर्च्या रिकाम्या राहायच्या, हे मान्य. पण मैदान गच्चीबावलीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथून मेट्रोनं अमीरपेठ, तिथे गाडी बदलून रायदुर्ग, पुढे रिक्षा. आणि रात्री सामना संपल्यावर पोराबाळांना घेऊन तेच सगळं उलट. शहराच्या मध्यावरचं लालबहादूर स्टेडियम मात्र आमच्याच मेट्रो मार्गावर, असेंब्ली स्थानकापासून चालत जाण्याजोगं. घरचे सामने तिथे कधी खेळवले गेले नाहीत. ते करून पाहिल्याशिवाय गच्चीबावलीच्या रिकाम्या खुर्च्या मोजून या शहराची आवड ठरवणं मला मान्य नाही.