श्रावणाचे सात वार आणि जबलपूरची दोन पंचांगे

सण म्हटला की गणपती, दसरा, दिवाळी हीच नावे प्रथम ओठांवर येतात. परंतु ह्या मोठ्या सणांच्या आडोशाला लहानसहान व्रतांचा एक निराळाच संसार मराठी घरांत नांदत आला आहे. त्याला मंडप लागत नाही, वर्गणी लागत नाही, बहुधा पुरोहितही लागत नाही. भिंतीवर गंधाने काढलेली दोन बाहुली, विड्याच्या पानावर रेखलेले रक्तचंदनाचे मंडळ, मूठभर तीळ, एखाद्या मुलाला घातलेले अभ्यंगस्नान, एवढ्यावर त्याचे भागते. श्रावणातल्या सात वारांची व्रते ह्याच जातीची. इतिहासकार त्यांची दखल सहसा घेत नाहीत. तथापि परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ह्या बारीक धाग्यांकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. जबलपूरच्या उदाहरणाने ही गोष्ट वाचकांपुढे मांडावी, असा आमचा हेतू आहे.

जबलपूरशी मराठ्यांचा संबंध आजचा नव्हे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये जिंकले; १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. राज्य गेले तरी माणसे राहिली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर; १८७० मध्ये मुंबईहून येणारी आगगाडी येथे कलकत्त्याच्या रुळांना मिळाली; १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि कारखाना ह्यांच्या ओढीने नवी कुटुंबे येत गेली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. तोवर नागपूर ही आमच्या प्रांताचीच राजधानी होती. त्या दिवसापासून ते परराज्यातले शहर झाले. आम्ही जबलपूरकर मराठी खऱ्या अर्थाने प्रवासी झालो ते एकाच जागी राहून!

ह्या प्रवासी जीवनाची एक खूण स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसते. येथील अनेक मराठी घरांत एका खिळ्याला ह्याच शहरात छापले जाणारे लाला रामस्वरूप ह्यांचे हिंदी पंचांग टांगलेले असते आणि दुसऱ्या खिळ्याला १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’. दोन्हींत सूर्य-चंद्र तेच. पण महिने निराळे. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला पुरा होतो, आपला अमावास्येला. त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या एक पंधरवडा आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण तेव्हा मध्यावर आलेला असतो.

ह्यात एक मौज आहे. जे सण तिथीला बांधलेले, त्यांना ह्या फरकाची बाधा मुळीच होत नाही. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीची, त्यांच्याकडे भाद्रपद वद्य अष्टमीची. नाव निराळे, पण दिवस एकच. आषाढी अमावास्येला आपण घरातले सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतो, कणकेचे गोड दिवे उकडतो. तीच अमावास्या शेजारी सावनातली हरियाली अमावास्या असते. पण जे व्रत वाराला बांधलेले, त्याचा दिवस महिन्याच्या नावावरून ठरतो, आणि तेथे दोन घरांची वाट फुटते. २०२४ चेच उदाहरण घ्या. शेजाऱ्यांचे सावन सोमवार २२ जुलैपासून १९ ऑगस्टपर्यंत पाच झाले. आपलेही पाचच, पण ५ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत. सामाईक असे तीनच निघाले. ग्वारीघाटाच्या वाटेवरील सावनाची गर्दी ओसरल्यावर आमच्या सुना शिवामुठीचे धान्य निवडीत बसतात, त्याचे कारण हे. मोठ्या सणांत आपण शेजाऱ्यांत मिसळून गेलो. आपले पंचांग वेगळे राहिले ते ह्या क्षुल्लक मानल्या गेलेल्या वारांत.

आता हे वार क्रमाने पाहू. आदितवारी विड्याच्या पानावर रक्तचंदनाची आदित्य राणूबाई काढावयाची आणि सहा सुतांच्या दोऱ्याला सहा गाठी द्यावयाच्या. सोमवारी नव्या सुनेने तांदूळ, तीळ, मूग, जव आणि पाचवा सोमवार आल्यास सातू, अशी एकेक मूठ शंकराला वाहावयाची. मंगळवारी मंगळागौर: सोळा प्रकारची पत्री, आणि रात्री झिम्मा-फुगड्यांचा जागर. बुधवार-गुरुवार बुध-बृहस्पतींचे. शुक्रवारी जिवतीची पूजा. शनिवारी मुंज झालेल्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालावयाचे व जेवावयास वाढावयाचे. पानात कुरडूची अथवा टाकळ्याची भाजी असावयाची. हा टाकळा म्हणजे इकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारा चकौडा. तो विकत आणावा लागत नाही.

व्रतांची शास्त्रीय बाजू सांगणारे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांतील दोन प्रमुख ग्रंथ महाराष्ट्राबाहेर, काशीत लिहिले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा. १७३६ चा ‘व्रतराज’ मूळच्या संगमेश्वरकर विश्वनाथांचा. परंतु आमच्या आज्यांनी ही पोथी उघडली नव्हती. त्यांचा आधार म्हणजे आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या कहाण्या, आणि त्या तोंडपाठ. १९१४ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. चित्रे काढली धुरंधरांनी. त्या पुस्तकाचा आरंभ आठवड्याच्या वारांनीच होतो, ह्यावरून ह्या वारांचे महत्त्व परक्यालाही जाणवले होते असे दिसते.

ह्या कहाण्या लक्ष देऊन ऐकल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील दोघींना घराबाहेर गेलेल्या माणसाची काळजी लागलेली आहे. बुध-बृहस्पतींची कहाणी सांगते की धन हवे तर बाहुली पेटीवर काढावी, धान्य हवे तर कोठीवर. आणि परगावी गेलेले माणूस लवकर परतावे असे वाटले तर ती दाराच्या पाठीमागे काढावी. शुक्रवारच्या कहाणीत जन्मतःच चोरीला गेलेल्या मुलाची आई आहे. मूल कोठे आहे हे तिला ठाऊक नाही. ती दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि अक्षता उडवते. त्या दूरच्या नगरात वाढणाऱ्या बाळाच्या मस्तकावर पडतात. हिरवे लुगडे नेसावयाचे नाही, हिरव्या बांगड्या भरावयाच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जावयाचे नाही, तांदळाचे धुवण ओलांडावयाचे नाही, असे तिचे विलक्षण नेम. आजही मूल घरी असल्यास त्याला औक्षण करतात आणि ते परगावी असल्यास चारी दिशांना अक्षता टाकतात.

जिवतीच्या कागदावर नृसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती ह्यांच्या सोबतीला मुले खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका असतात. ही जरा म्हणजे महाभारतातील, जरासंधाची दोन शकले सांधणारी राक्षसी. मुले दगावण्याचे भय घरोघरी होते, त्या काळी आईने एका राक्षसीलाही आपल्या बाजूला वळवून घेतले. देवीच्या लसींनी आणि इस्पितळांनी ते भय पुष्कळसे दूर केले. परंतु दुसरे भय, म्हणजे मूल दूर असण्याचे, ते परप्रांतीय घरात कमी झाले नाही. ज्या घराण्यांतील कर्ते पुरुष एकेकाळी नागपूर-पुण्याहून जबलपुरास आले, त्यांचीच नातवंडे आज पुण्यास, बंगळुरास आणि समुद्रापलीकडे आहेत. गणपतीस माणसे जमावी लागतात; जिवतीचे व्रत माणूस नसताना करावयाचे आहे. आमच्या मते ते परप्रांतात टिकले ह्याचे मर्म हेच.

आता मात्र ते टिकेल काय, ह्याची शंका वाटते. दिनदर्शिकेच्या चौकटीत ‘जिवंतिका पूजन’ ही अक्षरे दर शुक्रवारी छापलेली असतात. पण अक्षता कशा टाकावयाच्या आणि बाहुली कोणत्या बोटाने काढावयाची, हे घरातल्या कोणीतरी दाखवावे लागते. ते दाखविणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. जुन्या रीतींत जे टाकण्यासारखे आहे ते खुशाल टाकावे. पूर्वी औक्षण मुख्यतः मुलाचे व मान सुवासिनीचा. आज मुलीला ओवाळण्यास आणि विधवा आजीच्या हाती तबक देण्यास कोणती अडचण आहे? शनिवारी मुंजा मिळत नसेल तर शेजारच्या अथवा मोलकरणीच्या मुलाला, मुलीला पाटावर बसवावे. संपत शनिवारच्या कहाणीत धाकट्या सुनेने दारी आलेल्या कुष्ठरोगी पाहुण्याला न्हाऊ-जेवू घातले, आणि त्याने वळचणीला खोचलेल्या उष्ट्या पत्रावळीचे हिरे-माणके झाले. तिने त्याची जात विचारल्याचे कहाणीत नाही.

ह्याला वेळ किती लागतो? बुधवारी दारामागे दोन रेघोट्यांची बाहुली. शुक्रवारी चार चिमटी तांदूळ. शनिवारी फुकटची भाजी. कहाणी मात्र पुस्तकातून वाचून दाखविण्यापेक्षा आईच्या किंवा आजीच्या शब्दांत, तिच्या वऱ्हाडी, कोकणी वळणासकट, तिच्यात मिसळलेल्या हिंदी शब्दांसकट, उतरून ठेवावी. जबलपुरातील कहाणी तेथील मराठीत सांगितली गेली, हाही इतिहासाचाच पुरावा आहे.

श्रावणातले शेवटचे शुक्रवार येतात तेव्हा हिंदी पंचांगात भादों लागलेला असतो आणि शेजारी दुसऱ्याच सणांच्या तयारीत असतात. त्या संध्याकाळी जबलपूरच्या काही घरांत अजून दिवा लागतो, पूर्वेपासून आरंभ करून चार दिशांना अक्षता पडतात, आणि अमेरिकेतल्या मुलीची दिशा नेमकी कोणती ह्यावर घरात थोडा वादही होतो. येत्या श्रावणात आमच्या वाचकांनी आपापल्या घरी हा वाद अवश्य घालावा.