चांद्याचें ऊन आणि मुलांचीं खेळणीं

शहरांतील बाग नवी करावयाची म्हटलें कीं प्रथम बदलतात तीं मुलांचीं खेळणीं. झिजल्या सांखळीचा झोपाळा आणि तळाशीं गंजून भोंक पडलेली लोखंडी घसरगुंडी एके दिवशीं निघून जातात, आणि त्यांच्या जागीं पिवळीं-निळीं प्लॅस्टिकचीं खेळणीं उभीं राहतात. गंजलेलें लोखंड काढलेंच पाहिजे, ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्याच्या जागीं काय यावें, हा प्रश्न चंद्रपुरांत जरा निराळ्या रीतीनें विचारावा लागतो. कारण हीं खेळणीं ज्या हवेंत जन्मलीं ती हवा आणि चांद्याची हवा ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

झोपाळा-घसरगुंडीच्या सार्वजनिक बागेचें एक मूळ इंग्लंडांतील केटरिंग गांवीं सांपडतें. चार्ल्स विकस्टीड हा तेथील यंत्रें बनविणारा कारखानदार. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यानें लोकांसाठीं मोकळी जागा विकत घेतली. रविवारच्या शाळेच्या एका मेळाव्यासाठीं तेथें तात्पुरते झोपाळे उभारले होते. मुलें त्यांवरून हालेनात, हें पाहून त्यानें ते तसेच राहूं दिले. १९२१ सालीं बाग रीतसर खुली झाली. तिच्यांतील आरंभीची घसरगुंडी लांकडी फळ्यांची होती, आणि मुलांची वेगळी, मुलींची वेगळी! पुढें विकस्टीडच्याच कारखान्यांतून लोखंडी खेळणीं दूरदूर जाऊं लागलीं. त्या ढगाळ आकाशाखालीं ऊन हेंच सुख. खेळण्यांवर सावली धरण्याचें त्याला कशाला सुचावें?

दुसरी हकीकत अधिक मौजेची आहे. चार्ल्स हिंटन नांवाचा एक गणितज्ञ जपानांत शिक्षक असतां त्यानें आपल्या मुलांसाठीं बांबूंचा चौकटीचौकटींचा मोठा सांगाडा उभारला. त्यावर चढतां-उतरतां मुलांना मितींची कल्पना यावी, असा त्याचा हेतु. गणित मुलांच्या डोक्यांत किती शिरलें कोण जाणे, पण चढण्याची गोडी मात्र पक्की लागली. त्यांपैकीं सेबॅस्टियन पुढें शिकागोकडे पेटंटचा वकील झाला. त्यानें १९२० सालीं तोच सांगाडा लोखंडी नळ्यांचा करून त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आज बागेबागेंत दिसणारी ‘जंगल जिम’ ती हीच.

म्हणजे लोखंडाच्या आधीं फळी होती, आणि नळीच्या आधीं बांबू. पुढें अमेरिकेंत अपघातांची गणना सुरू झाली, १९८१ सालीं खेळण्यांच्या सुरक्षिततेची सरकारी मार्गदर्शिका निघाली, आणि हळूहळू प्लॅस्टिकनें जम बसविला. तिकडच्या पाइनच्या लांकडाला कीड लागूं नये म्हणून सोमलयुक्त औषध पाजीत. २००३ च्या अखेरीस तेंही मुलांच्या खेळण्यांतून उठलें. लांकूड बदनाम झालें तें पाइनचें; साग बिचारा त्यांत कोठेंच नव्हता.

आतां चंद्रपूर पाहा. २०१९ च्या मे महिन्यांत येथील पारा ४७ अंशांच्या वर गेला. असल्या उन्हांत पत्र्याची घसरगुंडी म्हणजे तापलेला तवाच. आणि प्लॅस्टिक थंड राहतें, हा निव्वळ भ्रम होय. तेंही हवेपेक्षां पुष्कळ तापतें, आणि लहान मुलाची कातडी नाजूक असते. विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या दिवसांत मुलें सर्वस्वीं मोकळीं, नेमकें त्याच दिवसांत सकाळीं दहापासून सायंकाळपर्यंत बागेंत चिटपांखरूं फिरकत नाहीं.

आणि हें कोठें, तर सागवानाच्या माहेरीं! आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. कमलापूरचे हत्ती एके काळीं ह्याच जंगलांतले ओंडके ओढीत. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारपुराहून सागवान गेलें. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं, आणि उन्हांत तो पत्र्यासारखा पोळत नाहीं. आमच्या तालमींतला मल्लखांब सागाचा किंवा शिसवाचा असतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं तो बर्लिनला नेऊन दाखविला. बांबूची गोष्टही तशीच. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविले आणि २०११ सालीं आपला बांबू आपण विकला. हिंटनचा सांगाडा पुन्हा बांबूचा करावयास येथें जपानास जाण्याची गरज नाहीं. चिचपल्लीचें बांबू संशोधन केंद्र चंद्रपुराहून हाकेच्या अंतरावर आहे.

लांकडाला देखरेख लागते, सांधे ढिले होतात, बांबू तर कांहीं वर्षांनीं बदलावाच लागतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु देखरेखीवांचून लोखंड गंजलें म्हणूनच तर तें बदलण्याची पाळी आली. आणि उन्हानें चिरफळलेलें प्लॅस्टिक गांवच्या सुताराला सांधतां येत नाहीं. ताराबाई मोडकांनी १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें, तेव्हां महागड्या माँटेसरी साधनांच्या जागीं त्यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे घेतले. साधन स्वस्त झालें, एवढेंच त्यांत नव्हतें. मोडलें तर तें गांवांतच पुन्हा मिळत असे.

सावलीसाठीं कडुनिंब आजच लावला तरी वर्षें जातील. तोंवर खेळण्यांवर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घालतां येईल. लांकडाचें म्हणाल, तर मंदिराच्या दाराला लांब, सरळ, निर्दोष ओंडका लागतो. झोपाळ्याच्या पाटाला दीड हाताची फळी पुरते.