जुने इंजिन, गळती आणि ऑइलची निवड

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलहून दक्षिणेकडे निघाले, की साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळ्याची खिंड लागते. १९६८ साली घोषित झालेल्या पक्षी अभयारण्यातून जाणारा हा चढ फार मोठा नाही. पण जुन्या इंजिनाची परीक्षा घेण्यास तो पुरेसा ठरतो. चढावर इंजिन तापते, ऑइल पातळ होते आणि सपाटीवर कोरडी वाटलेली गाडी उभी राहिली, की खाली काळा डाग पडतो. अशा वेळी 'जाड ऑइल टाका' हा सल्ला हमखास मिळतो. तो कितपत खरा आहे?

गळती कोठून होते?

इंजिनातील ऑइल दोन प्रकारच्या अडथळ्यांनी अडवलेले असते. टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर अशा स्थिर जोडांत बुचाचे, कागदाचे किंवा रबरी पॅकिंग असते. क्रँकसारख्या फिरत्या दांड्यांवर ऑइल सील असते. उष्णतेने रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते, बुचाचे पॅकिंग दबते आणि त्या फटीतून ऑइल पाझरू लागते.

ग्रेडचे आकडे काय सांगतात?

'२०डब्ल्यू-५०' यातील पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा १०० अंश सेल्सियस तापमानातील दाटपणा दर्शवतो. त्या तापमानाला '४०' ग्रेडचा दाटपणा किमान १२.५ आणि '५०' चा किमान १६.३ सेंटिस्टोक्स असतो. म्हणजेच तापलेल्या इंजिनात '५०' चे ऑइल फटीतून सावकाश पाझरते. '२०डब्ल्यू' ची थंडीतील कसोटी उणे १५ अंशांना घेतली जाते. कोकणात तशी थंडी नसल्याने जुन्या पेट्रोल इंजिनांना हा ग्रेड येथे अडचणीचा ठरत नाही.

मात्र दाट ऑइलाने गळती मंदावते, फट बुजत नाही. शिवाय गाडी सुरू होताना असे ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते व इंधनही अधिक लागते. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या बांधणीच्या इंजिनाला जे चालते, ते '५डब्ल्यू-३०' साठी बनवलेल्या बारीक ऑइलमार्गांच्या इंजिनाला घातक ठरू शकते. कंपनीच्या पुस्तिकेत जो सर्वांत दाट ग्रेड मान्य केलेला असेल, त्यापुढे जाऊ नये.

सिंथेटिकची भीती

सिंथेटिक ऑइलाने जुनी इंजिने गळू लागतात, असा समज आहे. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलांमुळे रबर आकसत असे. पुढे त्यांत रबर फुगवणारे घटक मिसळण्यात आले. आज गळती दिसलीच, तर बहुधा दोष आधीचाच असतो : सीलभोवती साचलेला गाळ ऑइलातील स्वच्छकारक द्रव्यांनी धुऊन जातो आणि झाकलेली फट उघडी पडते. जास्त धावलेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ऑइलांतील द्रव्ये कडक रबर थोडे मऊ करतात. फाटलेल्या सीलवर किंवा झिजलेल्या दांड्यावर त्यांचा उपयोग नाही.

ऑइल बदलण्यापूर्वी

प्रथम डिपस्टिकवरील पातळी पाहावी. खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइलही गळतीस कारण होते. नंतर ब्रीदरची नळी तपासावी. ती तुंबली, की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलले जाते. इंजिन धुऊन थोडे अंतर चालवावे व ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधावी. वाऱ्याने ऑइल खाली व मागे पसरते.

ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत असेल किंवा ऑइलदाबाचा लाल दिवा लागला, तर ग्रेडचा विचार बाजूला ठेवून गाडी थांबवावी. पहिल्यात आगीचा धोका आहे, दुसऱ्यात इंजिन जाम होण्याचा.

काढलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. ते रस्त्याकडेला ओतू नये, गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे द्यावे. पावसाळ्यात डोंगरउताराचे पाणी ओढ्यांना मिळते, हे अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर तर विसरूच नये.