खोल समुद्रातील विकार आणि किनाऱ्यापर्यंतचे अंतर
डीकम्प्रेशन सिकनेस : प्रथमोपचार, दाबकक्ष आणि विम्याची तरतूद

अंदमान, लक्षद्वीप आणि मालदीवच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्या भारतीय पर्यटकांना ज्या धोक्याची कल्पना प्रशिक्षणात दिली जाते, पण जो प्रवासाची आखणी करताना बहुधा विसरला जातो, तो म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस. पाणबुडे त्याला ‘बेंड्स’ म्हणतात. हा विकार क्वचितच होतो आणि त्यावरील उपचारही प्रभावी आहे. अडचण असते ती रुग्ण आणि उपचारकेंद्र यांच्यामध्ये पसरलेल्या समुद्राची, आणि तो ओलांडण्याचा खर्च कोणी करावयाचा या प्रश्नाची.

पाण्याखाली दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. या वाढलेल्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुडा सावकाश वर आला तर हा वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. तो घाईने वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडताच जे होते, तेच शरीरात होते आणि बुडबुडे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये ही कारणमीमांसा मांडली. तोपर्यंत नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांना या विकाराने गाठले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये त्यामुळेच अंथरुणाला खिळले आणि पुढील बांधकामावर त्यांना घराच्या खिडकीतून लक्ष ठेवावे लागले. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या पाणबुड्यांच्या मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटरमागील गणिताचे मूळ या कोष्टकांत आहे.

विकाराची लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ नेहमीच २४ तासांच्या आत दिसू लागतात. खांदा, कोपर किंवा गुडघा ठणकणे, त्वचेवर संगमरवरासारखे डाग उमटणे, असाधारण थकवा, हातापायांना मुंग्या येणे ही सामान्य लक्षणे होत. पायांतील शक्ती जाणे, तोल सुटणे, लघवी अडणे, श्वास लागणे ही लक्षणे मात्र मज्जारज्जू, अंतःकर्ण किंवा फुप्फुसांना बाधा झाल्याची सूचना देतात. व्यवहारात सर्वाधिक वेळ वाया जातो तो रुग्णाच्या नकारामुळे. टाकी जड होती, ऊन लागले, बोट लागली, अशी कारणे तो स्वतःच शोधतो. सहलीचा एक दिवसही बुडू नये ही इच्छा त्यामागे असते. डायव्हिंगनंतर उद्भवलेले कोणतेही नवे लक्षण, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, याच विकाराचे मानावे असा वैद्यकीय दंडक आहे.

उथळ पाण्याविषयीही एक गैरसमज आढळतो. मालवणजवळील तारकर्ली येथे किंवा गोव्यात नवख्या पर्यटकांना जेथे उतरवले जाते तेथील खोली अल्प असल्याने नायट्रोजनचा धोका फारसा नसतो. परंतु घाबरून श्वास रोखून धरलेला माणूस झटकन वर आला, तर एक-दोन मीटरच्या अंतरातही फुप्फुसातील हवा प्रसरण पावून त्याला इजा होऊ शकते आणि हवेचे बुडबुडे थेट मेंदूकडे जाऊ शकतात. पाण्याबाहेर येताच काही मिनिटांत शुद्ध हरपणे हे त्याचे ठळक लक्षण. यावरील उपचारही दाबकक्षातच होतो.

प्रथमोपचारात शुद्ध प्राणवायूला पर्याय नाही. रुग्णाला आडवे निजवून घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून तो अखंड द्यावा, शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे, आणि वेदना कमी झाल्या तरी प्राणवायू बंद करू नये. पुन्हा पाण्यात उतरवून दाब देण्याचा प्रयोग, आवश्यक साधने आणि प्रशिक्षित पथक नसताना, जिवावर बेतू शकतो. येथे एक साधा हिशेब महत्त्वाचा ठरतो. मिनिटाला १५ लिटर या दराने ६०० लिटरचे नळकांडे अवघ्या ४० मिनिटांत रिकामे होते. बोटीवर प्राणवायू आहे, एवढे आश्वासन म्हणून पुरेसे नाही. तो किनाऱ्यापर्यंत पुरेल का, हे विचारावे लागते.

अंदमानातील डायव्हिंगचे मुख्य केंद्र असलेले हॅवलॉक बेट, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे नाव मिळालेल्या या शहरातील दाबकक्ष नौदलाकडे आहे. वेगवान बोटीलाही तेथे पोहोचण्यास साधारण दीड तास लागतो आणि पावसाळ्यात वाहतूक बेभरवशाची होते. लक्षद्वीपची बेटे तर कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. नौदलाची अशी सुविधा मूलतः त्याच्या पाणबुड्यांसाठी असते. त्यामुळे नागरी रुग्णाला घेऊन निघण्याआधी दूरध्वनीवरून संपर्क साधणे आवश्यक ठरते. शहरांतील काही खासगी रुग्णालयांतही दाबकक्ष असतात, पण त्यांतील अनेक जखमा भरून येण्याच्या उपचारांपुरते आणि दिवसाच ठरावीक वेळी चालतात.

रुग्णाला नेहमीच्या विमानाने महानगरात हलवण्याची कल्पना सुचते ती सर्वांत घातक. प्रवासी विमानातील हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका कमी होऊ शकतो आणि त्यामुळे बुडबुडे अधिक फुगतात. हवाई वाहतूक अटळच असेल तर हेलिकॉप्टर शक्य तितके खालून न्यावे लागते, किंवा आतला दाब समुद्रसपाटीइतका राखणारे विमान लागते. निरोगी पाणबुड्यानेही एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे.

दाबकक्षात रुग्णावर १८ मीटर खोलीइतका दाब देऊन शुद्ध प्राणवायूचे श्वसन सुरू करतात, मग दाब टप्प्याने उतरवतात. अमेरिकी नौदलाच्या प्रचलित कोष्टकानुसार हे सत्र पावणेपाच तास चालते. लक्षणे शिल्लक राहिल्यास ती सत्रे पुढील दिवसांतही करावी लागतात. खर्च मात्र येथे संपत नाही. विशेष बोट किंवा हेलिकॉप्टर, डॉक्टर व तंत्रज्ञांचे पथक, आणि उपचारानंतर किमान ३ दिवस, अनेकदा त्याहून अधिक काळ, विमानात बसता येत नसल्यामुळे वाढलेला मुक्काम, सोबतच्या माणसांची बदललेली तिकिटे, हे सारे त्यात जमा होते.

भारतीय आरोग्य विम्यात याविषयी एक बारीक अट आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत साहसी खेळांचा समावेश असून त्यात स्कूबा डायव्हिंगचे नाव आहे. परंतु तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यास लागू होतो. हौशी पर्यटकाला त्यामुळे दाव्याला जागा राहते. काही पॉलिसींत दाबकक्षातील प्राणवायू उपचार वेगळ्या कलमाने वगळलेला असतो, ते कलमही शोधून वाचावे लागते. परदेश प्रवासाच्या विम्यात खोलीची मर्यादा, प्रमाणपत्राची अट आणि रुग्णवाहतुकीची कमाल रक्कम या तीन बाबी निर्णायक ठरतात. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना ३० मीटरच्या खाली जाण्यास मनाई आहे, तेव्हा त्या मर्यादेपलीकडील अपघाताचा दावा टिकवणे कठीण. पाणबुड्यांसाठीच्या खास विमा योजनाही आहेत. १९८० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’चे सदस्यत्व व विमा त्यांपैकी सर्वांत परिचित असून आणीबाणीत दूरध्वनीवर वैद्यकीय सल्लाही तेथून मिळतो.

‘व्यावसायिक’ या एका शब्दाची झळ सर्वाधिक बसते ती बेटांवरील प्रशिक्षक आणि मार्गदर्शकांना. पर्यटक वर्षातून चार बुड्या मारतो, तर हे तरुण हंगामात रोज दोन-तीन वेळा पाण्यात उतरतात. पर्यटकासाठी पॉलिसीत राहणारी जागा त्यांच्यासाठी मिटलेली असते, आणि त्यांचा वेगळा विमा मालकाने उतरवला आहे की नाही, हे सहलीची नोंदणी करताना क्वचितच कोणी विचारतो.