हरकत ओळखणारी यंत्रे

मराठीच्या तासाला मी ‘हरकत’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुले लगेच म्हणतात, आक्षेप. ‘हरकत नाही’ म्हणजे चालेल. उर्दूच्या तासाला हाच शब्द आला की अर्थ पार बदलतो: हलणे, हालचाल. मूळ अरबीतला अर्थ हाच आहे. अक्षराला जबर, जेर, पेश लागतात, त्या खुणांनाही हरकत म्हणतात. खूण असलेले अक्षर मुतहर्रिक, म्हणजे हलते. नसलेले साकिन, म्हणजे स्थिर. हा शब्द मराठीत येताना आक्षेप कसा झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आज लिहायचे आहे ते माणसाची हरकत ओळखणाऱ्या खेळयंत्रांविषयी. कारण या यंत्रांनीही दोन्ही अर्थ पाळले. ती हालचाल ओळखत आणि काही माणसांना हरकतही घेत.

सुरुवात पुष्कळ जुनी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ले स्टिक’ नावाचा एक दांडा विकायला आला. आत पाऱ्याचे स्विच. दांडा कलला की पारा घरंगळतो, तारा जोडतो आणि पडद्यावरचे विमान वळते. १९८९ मध्ये मॅटेल कंपनीने ‘पॉवर ग्लव्ह’ हा हातमोजा आणला. तो मानवी कानाला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि टीव्हीच्या कडेला लावलेले छोटे माइक तो पकडून हात कुठे आहे याचा हिशोब करीत. बोटे वाकली की मोज्यावरच्या पट्ट्यांतला विद्युतरोध बदले. ही कल्पना थॉमस झिमरमन आणि जेरन लेनियर यांच्या ‘डेटाग्लव्ह’वरून आली होती. तो मोजा संशोधकांसाठी होता आणि फार महाग होता. पॉवर ग्लव्ह स्वस्त केला, पण हात नेमका कुठे आहे हे त्याला नीट कळेना. त्याच्यासाठी मुद्दाम बनवलेले खेळही मोजकेच निघाले. जाहिरात मोठी, खेळ छोटा.

खरा बदल खेळण्यांच्या दुकानातून आलाच नाही, तो मोटारीतून आला. गाडी आदळली की एअरबॅग फुगवायची, त्यासाठी धक्का ओळखणारी सिलिकॉनची चिप हवी होती. अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणली. तिच्या आत केसाहून बारीक दांड्या लवतात आणि त्या किती लवल्या यावरून वेग किती बदलला ते समजते. मोटारींच्या मागणीमुळे असल्या चिपा स्वस्त झाल्या. २००६ च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोने आपल्या ‘वी’ यंत्राच्या रिमोटमध्ये याच कंपनीची चिप घातली, आणि आजवर सोफ्यावर बसून बटणे दाबणारी माणसे उभी राहून टेनिस खेळू लागली. आजी-आजोबासुद्धा. जोशात रिमोट हातातून निसटत, टीव्हीवर आदळत. शेवटी कंपनीला मनगटाचे पट्टे जाड करून बदलून द्यावे लागले. ‘वी’ दहा कोटींहून अधिक विकले गेले.

मग ४ नोव्हेंबर २०१० रोजी मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. यात हातात काहीच धरायचे नाही. यंत्र खोलीभर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ठिपके पसरते. ठिपके कुठे कसे सरकले हे कॅमेऱ्यातून पाहून प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते काढते आणि त्यातून माणसाचे हात, पाय, डोके वेगळे करते. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले, गिनीज बुकात नोंद झाली.

कौतुक आहेच. पण या यंत्राने गृहीत धरलेले घर कोणाचे? एकट्याने खेळायला समोर सहा फूट मोकळी जागा हवी, दोघांना आठ फूट. मी दिवाळ्यात राहतो. कोळीवाड्याच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि तांदळाचा डबा ठेवल्यावर सहा फूट उरतात कुठे? मुंब्र्यात, भिवंडीत, गोवंडीत वेगळे काय आहे? आणि कपड्यांचे काय? यंत्र पायांची आकृती शोधते; पायघोळ, सैल कपड्यांत ती हरवते. म्हणून अंगाबरोबरचे कपडे घालून खेळावे, असे खेळणारे एकमेकांना सांगत. आमच्या घरातल्या बायका साडीत नाहीतर कफ्तानमध्ये असतात. इथे कोणी मुद्दाम कोणाला वगळले, असे मी म्हणत नाही. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपली दिवाणखाना होता, इतकेच. पण वगळणे बहुतेक वेळा असेच होते, कुणाचा द्वेष न करता.

मुंबईने याला दिलेले उत्तर मला आवडते. सोनीचे ‘प्लेस्टेशन मूव्ह’ २०१० च्या सप्टेंबरात निघाले होते. हातात दांडा, टोकाला उजळणारा गोळा. कॅमेऱ्याला गोळा मोठा दिसला की हात जवळ, लहान दिसला की लांब. त्यासाठी मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१२ मध्ये ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ बनवला. गल्ली क्रिकेट! ज्या शहरात गल्लीत पार्किंग झाले आणि मैदानाला कुलूप लागले, त्याच शहरातल्या पोरांनी गल्ली टीव्हीत नेऊन ठेवली. यावर हसावे की रडावे, मला अजून ठरवता आलेले नाही. बॅट फिरवायची हरकत मात्र आपली होती. टेनिसच्या रॅकेटची नव्हती.

अर्थात ते यंत्र आमच्या वस्तीत कोणाकडे असणार! आमच्याकडे आली ती बिननावाची बॅट. माझ्या भाच्याने ईदीच्या पैशांतून बाजारातून घेतलेली, टीव्हीला जोडायची. दोन दिवस तो घामाघूम होऊन खेळला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले की बॅटला दिशा कळत नाही, फक्त झटका कळतो. मग तो पलंगावर आडवा पडून, मनगट हलवून षटकार मारू लागला. १९८१ चा पारा आणि ही बॅट यांच्या अकलेत फार अंतर नव्हते.

आमच्या जेट्टीवर कोळ्याला पाग टाकताना पाहा. खांदा, कंबर, मनगट, सगळे एका लयीत फिरते आणि जाळे पाण्यावर गोल उघडते. बाजूला त्याचाच नातू मोबाइल डावी-उजवीकडे कलवून गाडीची शर्यत खेळत असतो. एअरबॅगवाल्या चिपेची भावंडे आज प्रत्येक खिशात आहेत. मोठी यंत्रे गेली, हरकत ओळखणारे खेळ उरले ते इथे.

किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. त्याची ठिपक्यांची विद्या ज्या प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीची होती, ती अॅपलने २०१३ मध्येच विकत घेतली होती. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये तसेच ठिपके मालकाच्या चेहऱ्यावर पडू लागले, फोन उघडण्यासाठी. मागच्या महिन्यात बेलापूर स्टेशनच्या फलाटावर एका मुलीने फोन उघडायला समोर धरला. उघडला नाही. तिने इकडेतिकडे पाहिले, नकाब बोटभर खाली केला, मग विचार बदलून पुन्हा वर घेतला आणि आकडे टाइप केले. तेवढ्यात पनवेल लोकल आली.