गौडा, एम. व्ही. राजीव
अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि कर्नाटकातून निवडून गेलेले काँग्रेसचे राज्यसभा सदस्य (जून 2014–जून 2020). व्हार्टन स्कूलमधून पीएच.डी. केल्यावर अमेरिकेत आणि पुढे बेंगळुरूच्या आयआयएममध्ये अध्यापन. वडील एम. व्ही. वेंकटप्पा कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष होते. संसदेत येण्यापूर्वी गौडा रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळावर होते. 2014 मध्ये त्यांच्यासोबत बिनविरोध निवडून आलेल्यांत बेळगावचे प्रभाकर कोरेही होते.

पक्ष विरोधात असल्याने मंत्रिपदाचा प्रश्नच नव्हता. त्यातच पी. चिदंबरम, जयराम रमेश असे वजनदार वक्ते त्याच बाकांवर. सभागृहात बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरतो आणि मागच्या बाकांवरच्या वक्त्याला उरलेली मिनिटे मिळतात. भालचंद्र मुणगेकर, नरेंद्र जाधव हे मराठी अर्थतज्ज्ञही याच काळात राज्यसभेत होते, मात्र राष्ट्रपतिनियुक्त.

गौडांचा खरा विषय निवडणुकीचा पैसा. राज्यशास्त्रज्ञ ई. श्रीधरन यांच्यासह त्यांनी 2012 मध्ये पक्षनिधी व निवडणूक खर्चाच्या कायद्यांवर शोधनिबंध लिहिला होता. 2017 च्या वित्त विधेयकाने निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली आणि कंपन्यांच्या देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. धनविधेयक असल्याने लोकसभेने 30 मार्चला त्या सरळ फेटाळल्या. गौडा रोख्यांचे टीकाकार राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली.

2019 मध्ये त्यांनी उमेदवाराच्या खर्चावरील मर्यादा काढून टाकणारे खासगी विधेयक आणले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 नुसार उमेदवाराला उमेदवारीपासून निकालापर्यंतचा हिशेब ठेवावा लागतो. मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी तेव्हा 70 लाखांची मर्यादा होती. स्टार प्रचारकाच्या हेलिकॉप्टरचा पक्षाने केलेला खर्च मात्र या हिशेबात येत नाही आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. मर्यादेमुळे खोटे हिशेब भरले जातात, हा गौडांचा मुद्दा बिनतोड आहे. पण मर्यादा उठल्यावर पैसेवाल्या उमेदवाराला रान मोकळे होईल, या आक्षेपाचे त्यातून निरसन होत नाही. विधेयकाचा कायदा झाला नाही. 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा झालेला नाही.

2024 मध्ये बेंगळुरू उत्तरमधून लोकसभा लढवताना ते भाजपच्या शोभा करंदलाजे यांच्याकडून पराभूत झाले. तेव्हा खर्चाची मर्यादा 95 लाख होती.