मुलीचा एक खांदा वर दिसतोय? कण्याच्या बाकावर व्यायाम कितपत चालतो?

गणवेशाचं माप घेताना शिंपी म्हणतो, "हिचा एक खांदा वर आहे हो." किंवा वेणी घालताना आईला पाठीची एक बाजू उचललेली दिसते. घरात पहिला आळ दप्तरावर येतो, दुसरा मोबाईलवर. हे दोघंही या बाबतीत निर्दोष आहेत.

याला स्कोलिओसिस म्हणतात. पाठीचा कणा एका कडेला वळतो आणि वळताना थोडा पिळतोही. एक्सरेवर हा कोन 10 अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस धरतात. 10 ते 18 वयातल्या शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो असतो आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. वाढत जाणारा बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो.

शाळेत पथक येऊन मुलं तपासतं, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. पण केंद्राच्या मूळ 30 आजारांच्या यादीत जन्मतः वाकडं पाऊल आहे, वाढत्या वयातला कण्याचा बाक नाही. म्हणून बोईसर-तारापूरच्या पालकांनो, शाळेत तपासणी झाली म्हणजे पाठही बघितली असं धरून चालू नका.

घरी बघायला एक मिनिट पुरतं. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळवे जोडून मुलीला कमरेतून पुढे वाकायला सांगा. मागून, पाठीच्या पातळीवर डोळे आणून बघा. बरगड्या किंवा कंबर एका बाजूला उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आता व्यायाम. यातली सर्वात प्रसिद्ध पद्धत श्रोथ. ड्रेस्डेनमध्ये 1894 साली जन्मलेल्या कॅथरिना श्रोथ यांना स्वतःलाच हा त्रास होता. दबलेला फुगा हवा भरली की गोल होतो, हे बघून त्यांना कल्पना सुचली. पाठीच्या दबलेल्या बाजूत श्वास भरायचा, कणा वर ताणायचा आणि आरशात बघत ती स्थिती धरून ठेवायची. 1921 पासून त्या जर्मनीतल्या माइसेन गावी इतरांना हे शिकवू लागल्या.

यात एक मेख आहे. उजवीकडच्या बाकाचा व्यायाम डावीकडच्याला उलटा पडतो. त्यामुळे यूट्यूबवर बघून सुरू करू नका. एक्सरे बघून फिजिओथेरपिस्टनेच तो बसवून द्यायला हवा. सूर्यनमस्कार, पोहणं, कबड्डी खुशाल चालू ठेवा, पण तो बाकावरचा उपचार नव्हे.

फरक किती पडतो? कॅनडात 50 मुलांवर केलेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांनी श्रोथ करणाऱ्यांचा बाक इतरांपेक्षा सरासरी साडेतीन अंशांनी कमी होता. एक्सरे मोजण्यातच सुमारे पाच अंशांची चूक होऊ शकते. म्हणजे "दोन अंश कमी झाला" म्हणून पेढे वाटू नका आणि दोन अंश वाढला म्हणून रडूही नका. व्यायामाने कणा सरळ होत नाही. बाक वाढू न देणं हे ध्येय, आणि त्याचाही पुरावा अजून भक्कम नाही.

म्हणून खरा प्रश्न उंची अजून किती वाढणार हा. पाळी सुरू होण्याआधीचं वर्ष-दीड वर्ष सर्वात धोक्याचं. तेव्हा 15 अंशांचा बाकही दर चार-सहा महिन्यांनी बघावा लागतो. पाळी येऊन दोन वर्षं झाली असतील तर तोच बाक सहसा तिथेच थांबतो.

वाढ बाकी असताना बाक 25 अंशांच्या पुढे गेला, तर नुसत्या व्यायामावर बसू नका. तिथे ब्रेस लागतो. 2013 सालच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं.

बोईसरहून दर आठवड्याला मुंबई गाठणं कुणालाच परवडत नाही. म्हणून व्यायाम नीट शिकून घ्या, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढा, रोज अर्धा तास घरी करा. ब्रेसची वेळ आलीच, तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जाताना जुन्या एक्सरेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. तुलना फिल्मवरूनच होते. आणि रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.